डॉनलविरुद्ध चौदा सह्या

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात आजवर बँकेतल्या, रेल्वेतल्या आणि केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी आपले अनुभव लिहिले. माझ्यासारख्या अर्जनविसाला कोणी विचारले नव्हते आणि त्याची बोच मला होती, हे मी नाकारत नाही. यंदा मी स्वतःहून संपादकांकडे जागा मागितली. कौतुकाची हौस म्हणून नव्हे. मंडळातल्या बऱ्याच जणांना माझ्या हातून झालेली एक गोष्ट पराक्रम म्हणून ठाऊक आहे. ती पराक्रम नव्हती, एवढे सांगण्यापुरतीच ही पाने मला हवी आहेत.

प्रथम धंद्याविषयी. मी नववी नापास. वडील लखनौ छावणीत कारकून होते, त्यामुळे जन्म इथलाच. शाळा सुटल्यावर कैसरबागेच्या कचेरीबाहेर एका वृद्ध मुन्शीजींच्या टेबलापाशी बसू लागलो आणि पुढे ते टेबल माझे झाले. ज्याला सरकारकडे काही मागायचे आहे पण मागता येत नाही, त्याचे म्हणणे आम्ही कागदावर आणतो. हिंदीत, उर्दू वळणाच्या कचेरीच्या भाषेत, आणि इंग्रजीतही. माझे इंग्रजी शाळेतले नाही, अर्जांतले आहे. बाजारात जाऊन साबण मागायचा झाला तर मी अडखळेन, पण 'विनम्र निवेदन' दोन पाने न अडखळता लिहीन. अक्षराबद्दल मी स्वतः काय बोलावे? मोठमोठ्या साहेबांनी त्याची तारीफ केलेली आहे.

मुन्शीजी शिकवत, "बेटा, अर्ज में तीन चीज़ें डालो. दर्द, दोषी और मिर्च." दुःख काय ते सांगायचे, ते कोणी दिले त्याचे नाव घालायचे आणि शेवटी साहेबाच्या जिभेला झोंबेल असा एक आरोप घालायचा. तो खरा असलाच पाहिजे असे नाही. लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावाहून एक शेतकरी आला होता. शेजाऱ्याने नालीचे पाणी त्याच्या शेतात वळवले, एवढीच तक्रार. मी अर्जात लिहिले की शेजाऱ्याने बंदूक दाखवून जिवे मारण्याची धमकी दिली. साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शेतकऱ्याला म्हणाले, "बंदूक छोड़िए चाचा, नाली की बात कीजिए." आठवड्यात नाली सरळ झाली. बंदूक नव्हती हे साहेबांना ठाऊक होते आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होते. लिहिणारा वाढवून लिहितो, वाचणारा वजा करून वाचतो. या वजाबाकीवर आमची अख्खी कचेरी चालते, आणि सगळे जग असेच चालत असणार असे मी धरून चाललो होतो.

आता आयर्लंडकडे वळतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या पत्नीचे थोरले बंधू अरविंदराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. लखनौतल्या मराठी मंडळींची चौदा जणांची सहल त्यांनी जुळवली होती: आयर्लंडची खेडी, बसने, नऊ दिवस. निघायच्या तीन आठवडे आधी त्यांच्या पत्नीचा पाय मोडला. इतरांचे पासपोर्टचे फॉर्म भरता भरता मी हौसेने स्वतःचाही काढून ठेवलेला होता. अरविंदराव घरी आले आणि म्हणाले, "जावईबापू, पासपोर्टची पहिली तरी पानं वापरात येऊ द्या." मी त्यांच्या कृपेवर गेलो आणि हे त्यांनी मला नऊ दिवसांत विसरू दिले नाही.

पुढची सीट मला मिळाली, चालकाच्या अगदी मागची. चालकाचे नाव डॉनल. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा, हाडापेराने मोठा माणूस. तोच गाडी चालवी आणि तोच माहिती सांगे. आम्हाला त्याचे उच्चार कळत नाहीत हे ओळखून तो दुसऱ्या दिवसापासून इतके सावकाश बोलू लागला की मलासुद्धा शब्दन् शब्द समजू लागला. त्याच्या कोटावर एक लहानसा बिल्ला असे. तो कंपनीचा असावा असा माझा समज होता.

मी तोवर परदेश पाहिला नव्हता, त्यामुळे माझे वर्णन भाबडे वाटेल. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड ठेवून घातलेले बांध, इतके की शेतापेक्षा बांध जास्त. मेंढ्यांच्या पाठीवर मालकाच्या खुणेचे निळे-तांबडे रंग. रस्ते एवढे अरुंद की मधोमध गवत उगवलेले. दलदलीतून विटांसारखी काळी माती कापून ती वाळत रचलेली असे, आपल्या गोवऱ्यांसारखी, आणि जळताना तिचा वासही जवळपास तसाच येई. गाव म्हणजे एक चर्च, एक शाळा, आणि एक दुकान, त्यातच पोस्ट. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला डॉनल चाकावरचे एक बोट उचलून सलाम करी.

"सगळे ओळखीचे?" मी एकदा विचारले.

"निम्मे," तो म्हणाला. "उरलेले नातेवाईक निघण्याची शक्यता आहे, म्हणून बोट उचललेलं बरं."

पहिल्या रात्रीच्या जेवणात सगळ्यांपुढे वाइनचे पेले आले. डॉनलने आपला पेला पालथा घातला आणि चहा मागवला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मुद्दाम इथे नोंदवतो.

सहावा दिवस. समुद्रावरचे उंच कडे पाहायला आम्ही निघालो होतो. वाटेत एका गावात डॉनलने गाडी हळू केली. एका घरापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या होत्या. त्याने गाडी थांबवली, वळला आणि अरविंदरावांना म्हणाला, अगदी सावकाश, की हे त्याचे गाव आहे. या घरातली बाई काल वारली. तिनेच त्याला शाळेत वाचायला शिकवले होते. त्याला दहा मिनिटे आत जायचे आहे. इथे मृत माणसाच्या घरावरून कोणी न थांबता जात नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, चहा मिळेल. नको असेल त्यांच्यासाठी समोर शाळेचा हॉल उघडा आहे.

अरविंदराव हॉटेलच्या खोल्यांची यादी तपासत होते. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी 'ग्रामीण कुटुंबाबरोबर चहापान' छापलेले होते. त्यांनी मान डोलावली, उभे राहिले आणि मराठीत जाहीर केले, "चला मंडळी, उद्याचं चहापान आजच आहे. दहा मिनिटं, फक्त दहा!"

मी सगळे ऐकले होते आणि मला समजलेही होते. पण फुकट आलेल्या जावयाने बँकेच्या मोठ्या साहेबाचे इंग्रजी चौदा माणसांत दुरुस्त करायचे? मी गप्प बसलो. ही माझी पहिली लाज.

घर माणसांनी भरलेले होते. सगळे आमच्याकडे पाहून हसले, हात हातात घेऊ लागले. बशा भरून केक फिरत होते. एक म्हातारा काहीतरी सांगत होता आणि भोवतालचे खो-खो हसत होते. साठेसाहेब, रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, मला म्हणाले, "लग्नघर दिसतंय." त्यांच्या पत्नी साठेवहिनी यांची त्या दिवशी संकष्टी. त्यांनी केकला नको म्हटले, फक्त चहा घेतला. मग घरची लेक कोण ते विचारून, पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि त्या गोऱ्या बाईच्या कपाळाला कुंकू लावले. हातात खणही दिला. लखनौहून निघताना असे सहा खण त्यांनी बरोबर घेतलेले होते. "हॅपी फंक्शन," वहिनी म्हणाल्या.

ती बाई क्षणभर थांबली. मग तिने मान लववली, वहिनींचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत आईला भेटवायला नेले.

वहिनींची किंकाळी बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेली असणार. आत दोन मेणबत्त्या होत्या आणि उघड्या पेटीत पांढऱ्या केसांची म्हातारी निजवलेली होती. वहिनी बाहेर येऊन कोसळल्या. "अहो, मढं आहे! मढं आहे आत! मी चहा प्यायले इथं!" डॉनल धावत पाणी घेऊन आला. त्यांनी ते दूर लोटले. आमची सगळी मंडळी पाच मिनिटांत बसमध्ये. एकट्या इंदूताई मागे राहिल्या. इंदूताई सरोजिनी नगरच्या, बँक मॅनेजरच्या विधवा, सहलीत एकट्या आलेल्या. त्यांना बोलवायला मी गेलो तेव्हा त्या पेटीजवळच्या खुर्चीवर शांतपणे बसल्या होत्या.

"ताई, चला. सगळे खोळंबलेत."

"माझे हे गेले तेव्हा बँकेतले चारजण आले होते," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "चौथ्याला सारखं घड्याळ बघावं लागत होतं. इथं बघा."

कडे पाहायचे राहिले. मंडळींना आंघोळी करायच्या होत्या. बस उलटी फिरली. एकाच वेळी चौदा आंघोळींनी त्या लहानशा हॉटेलातले गरम पाणी संपले. उरलेले तीन दिवस इंदूताई सोडल्या तर डॉनलशी कोणी बोलेना. साठेसाहेबांनी तेवढे एकदा विचारले, "अरविंदराव, त्यानं तुम्हाला काही सांगितलं नव्हतं का?" अरविंदराव म्हणाले, "काय सांगतोय! ह्यांचं इंग्रजी कुणाला कळतं?" आणि माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

लखनौला परतल्यावर तक्रार करायचे ठरले. कड्यांचे पैसे घेतले होते, कडे दाखवले नाहीत. मंडळीत चांगले शिकलेले अधिकारी होते, कोणीही चार ओळी लिहिल्या असत्या. पण मी पुढे सरसावलो. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लोक नोट लिहिता. नोटेला कोणी घाबरत नाही. अर्ज मी लिहितो."

अरविंदराव म्हणाले, "लिहा. फक्त आपल्याला आधी सांगितलं होतं की नव्हतं, हा घोळ नको."

मी दोन दिवस घेतले. दर्द: धर्मभावना दुखावलेले वृद्ध यात्रेकरू. दोषी: चालक डॉनल. मी लिहिले की कोणतीही पूर्वसूचना न देता त्याने आम्हाला प्रेत असलेल्या घरात नेले. हे खोटे होते आणि ते खोटे आहे हे चौदा जणांत फक्त मला आणि अरविंदरावांना माहीत होते. मग मिर्च. मी लिहिले: 'सदर चालक कर्तव्यावर असताना मद्याच्या अमलाखाली होता.' हे वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा थबकला नाही. आमच्या अर्जांत निम्मे प्रतिवादी दारू प्यालेलेच असतात. वाचणारा वजा करून घेईल असा माझा हिशेब.

सह्या गोळा झाल्या. 'कड्यांबद्दल आहे' एवढे सांगून मी कागद पुढे करी, आणि लोक शेवटचे पान उघडून सही करीत. चौदा सह्या झाल्या.

गणपतीत कंपनीचे उत्तर आले. आरतीनंतर अरविंदरावांनी ते मंडळापुढे वाचून दाखवले. कंपनी मनापासून दिलगीर होती. चौदा प्रतिष्ठित प्रवाशांनी एकमुखाने सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेण्याचे कारण नाही, सबब चालकाला त्याच दिवशी कामावरून काढून टाकले आहे. टाळ्या झाल्या. कोणीतरी ओरडले, "वाह अर्जनवीस साब, कलम है कि तलवार!" मी हात जोडून सगळीकडे वळलो. तेव्हाच माझ्या ध्यानात आले. त्यांनी वजा केले नव्हते. लिहिले तेवढे सगळे, जसेच्या तसे, खरे मानले होते.

पंधरा दिवसांनी भर दुपारी इंदूताई टेम्पोने कचेरीवर आल्या. माझ्या टेबलासमोर अशिलाच्या स्टुलावर बसल्या आणि एक पत्र पुढे ठेवले. डॉनलने त्यांना फोटो पाठवण्याचे कबूल केले होते. फोटोंबरोबर ते पत्र होते.

त्याने तक्रार केलेली नव्हती. मंडळींना त्रास झाला याबद्दल माफी मागितली होती. त्या घरच्या लेकीने कुंकू संध्याकाळपर्यंत पुसले नाही, तुमच्याकडचा शोकाचा आशीर्वाद समजून ती त्याच कपाळाने दफनाला उभी राहिली, असे लिहिले होते. आणि शेवटी एक प्रश्न होता. तरुणपणी तो फार पीत असे. घराचे वाटोळे होता होता राहिले. मग त्याने शपथ घेतली, कोटावरचा बिल्ला त्या शपथेचा, आणि अकरा वर्षे तो थेंबाला शिवला नव्हता. आता गावात म्हणतात की चौदा परके लोक उगीच कशाला खोटे बोलतील? बायको काही म्हणत नाही, फक्त तो घरी आला की त्याच्या जवळून जाताना नाकाने श्वास ओढून बघते. 'आपण माझ्याशी नेहमी चांगले वागलात, म्हणून विचारतो. त्या दिवशी माझ्या तोंडाला खरेच वास येत होता का?'

"काय उत्तर देऊ?" इंदूताईंनी विचारले.

"ताई, अर्जात असं लिहावं लागतं."

"तुम्ही त्याला पिताना पाहिलंत?"

"नाही. पण अर्जाची एक रीत..."

"माझी सही आहे त्यावर," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आजूबाजूचे अर्जनवीस कान देऊन ऐकत होते. "कड्यांबद्दल आहे म्हणालात. मी वाचलं नाही, ती माझी चूक. पण लिहिलंत तुम्ही."

मी म्हणालो, दुरुस्तीचा अर्ज करतो. त्यासाठी पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतील. छावणीपासून सरोजिनी नगरपर्यंत चार रविवार सायकलीने फिरलो. कोणी चहा पाजला, सही एक घर सोडून कोणी दिली नाही. अरविंदराव म्हणाले, "जावईबापू, एका ड्रायव्हरसाठी चौदा माणसांना खोटं पाडता? आणि त्यातली एक जागा कोणाची होती, आठवतं ना?"

"आठवतं," मी म्हणालो. "आणि त्यानं सगळं सांगितलं होतं, तेही आठवतं. सावकाश सांगितलं होतं." अरविंदराव उठून आत गेले. त्यांचे-आमचे येणे-जाणे त्या दिवसापासून कमी झाले. 

साठ्यांकडे साहेबांनी नकार दिला. मी चप्पल घालत होतो तेव्हा वहिनी आतून आल्या. "आणा तो कागद. मी ओरडले, कारण मी घाबरले होते. पण तो प्यायलेला नव्हता. पाणी घेऊन वाकला होता ना माझ्या तोंडापाशी, मला कळलं नसतं?" साहेब म्हणाले, "अगं, पण..." वहिनींनी सही केली.

वहिनींची, इंदूताईंची आणि माझी, अशा तीन सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. दोन ओळींचे उत्तर आले: प्रकरण बंद झाले आहे, जागा भरलेली आहे.

तेव्हा इंदूताई म्हणाल्या, "आता त्यालाच लिहा. तुमच्या हातानं." मी मसुदा केला: 'अनवधानाने सदर उल्लेख झाल्याचे निदर्शनास आले.' त्यांनी तो वाचून परत दिला. "उल्लेख आपोआप झाला का?" दुसरा केला: 'गैरसमजातून लिहिले गेले.' "कोणाकडून?" इतकी वर्षे दुसऱ्यांचे गुन्हे स्पष्ट शब्दांत लिहिणाऱ्या मला स्वतःचा एक गुन्हा लिहायला कर्ता सापडत नव्हता. तिसऱ्या वेळी लिहिले, सोप्या इंग्रजीत. त्याचा मराठी अर्थ असा:

'आपण त्या दिवशी दारू प्यायला नव्हता. आपल्याला वास येत नव्हता. त्या घरी मृत्यू झाला आहे हे आपण आम्हाला आधी सांगितले होते आणि मी ते ऐकले होते. तरीही मी उलट लिहिले. हे खोटे मी रचले. सह्या करणाऱ्यांना ते माहीत नव्हते.'

शेवटचे वाक्य अरविंदरावांपुरते खरे नव्हते, त्यांना मी वाचवले. तेवढी एक सवय सुटली नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि कचेरीचा पत्ता घातला.

हिवाळ्यात माझ्या नावाने एक पाकीट आले. आत पत्र नव्हते, फक्त एक फोटो. गावातले दुकान असावे. फळीवर पाव, बाजूला पोस्टाची खिडकी, आणि भिंतीवर विक्रीच्या आणि हरवल्या-सापडल्याच्या चिठ्ठ्यांमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर, माझे पत्र. त्याच्यासमोर एक बाई टोपली हातात घेऊन उभी होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून. फोटोच्या मागे डॉनलने लिहिले होते की आता तो दुसऱ्यांच्या शेतावर काम करतो, बरे चालले आहे. ही बाई त्याची बायको. पत्र भिंतीवर तिनेच लावले. ती म्हणते, अक्षर फार सुंदर आहे.

अक्षराची स्तुती मी आयुष्यभर ऐकत आणि साठवत आलो आहे. ही कोणाला वाचून दाखवायचे धैर्य मला झाले नाही. आज प्रथमच सांगतो आहे.